खालची पट्टी

"अहो मेकॅनिक, नुसती डोकी दिसतात!" पोस्टमास्तर दुकानाच्या पायरीवरूनच ओरडले.

"कुणाची?"

"अक्षरांची हो. बातम्यांच्या खाली ती पट्टी धावते ना, तिच्यातली. खालचं सगळं छाटलंय. कोण मेलं, कोण निवडून आलं, काही पत्ता लागत नाही."

पोस्टमास्तरांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना दुसरं नाव नाही. मलाही मेकॅनिकखेरीज नाही. हातगाडीवाल्यानं त्यांचा टीव्ही माझ्या टेबलावर ठेवला. जुना, पोटवाला. मी तो लावून बघितला आणि हसू आलं.

"ताणलाय कुणीतरी," मी म्हणालो. "हे टीव्ही मुळातच कडा खातात. चारी बाजूंनी बोटबोटभर. त्यात ह्या शहाण्यानं उंचीचा स्क्रू पार टोकाला नेलाय. कुणी हात लावला होता?"

"तुम्हीच."

"मी?"

"गेल्या वर्षी. वर-खाली काळं दिसतं म्हणून आणला होता. म्हणालात, माझ्या हातून गेलेल्या टीव्हीत काळं दिसणार नाही. विसरलात?"

विसरेन कसा? ते वाक्य मी अडतीस वर्षं म्हणतोय. गिऱ्हाइकाला बाकी काही कळत नसलं तरी काळी पट्टी बरोबर कळते. त्याला वाटतं, आपल्याला चित्र कमी दिलं, मापात पाप केलं. म्हणून मी सगळ्यांना चित्र थोडं जास्तच ताणून देतो. कडेचं काय गेलं त्याची तक्रार कुणी करत नाही. जे दिसतच नाही त्याची तक्रार करणार कशी?

मी स्क्रू उलटा फिरवला. चित्र आखडलं, वर-खाली काळं आलं आणि पट्टीतली अक्षरं पुरी दिसायला लागली.

"आले बघा पाय!" पोस्टमास्तर खूश. "म्हणजे इतके दिवस ही इथंच होती? मला वाटलं, बातम्यावालेच अर्धवट लिहितात."

मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून तसाच उभा राहिलो. डोकं वरच्या मजल्यावर गेलं होतं. वर माझं घर आहे, आणि घरातही असाच एक टीव्ही आहे.

"तुम्ही बसा," मी म्हणालो. "आलोच."

बायको गेली त्याला दीड वर्ष झालं. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा, आतली तारच निघाली होती. चौथ्या दिवशी मी दुकान उघडलं. भिंतीच्या फळ्यांवर अकरा टीव्ही पडून आहेत, दुरुस्त झालेले. मालक "बघू" म्हणून गेले ते आलेच नाहीत. त्यांची धूळ पुसत बसलो. बरं नव्हतं वाटत, वाईटही नव्हतं वाटत.

तेव्हा मुलगी आठ दिवस राहायला आली होती. तिला मी फ्यूज म्हणतो. लहानपणी जरा काही मनाविरुद्ध झालं की उडायची, घरभर अंधार करायची. लग्नानंतर उडणं बंद झालं. मला वाटलं, शहाणी झाली.

येताना तिनं टीव्हीला लावून खेळायचं एक यंत्र आणलं. नवंकोरं.

"हे तुमच्यासाठी. रविवारी दुपारी चारला तुम्ही इकडून खेळायचं, मी तिकडून."

"मी खेळू? ह्या वयात?"

"फोनपेक्षा बरं आहे हे, बाबा," ती म्हणाली. मग टीव्हीच्या मागे डोकावली. "केवढं पोट आहे ह्याला! पातळ घ्या ना एखादा."

"टीव्ही मेकॅनिकच्या घरात पातळ टीव्ही? लोक तोंडात शेण घालतील."

यंत्राला लागणारं भोक आमच्या टीव्हीला नव्हतं. तिनं कुठून तरी एक काळी डबी पैदा केली. नवी वायर एकीकडून आत जायची, दुसरीकडून आपल्या जुन्या तीन पिना बाहेर, पिवळी, पांढरी, लाल. चित्र आलं, पण चपटं. वर चार बोटं काळं, खाली चार बोटं काळं.

"ह्याला हात लावू नका हं," ती म्हणाली. इंटरनेटची तारही तिनंच ओढून घेतली. सगळं इतकं मन लावून करत होती, की मला वाटलं, आई गेल्याचं दुःख विसरायला करतेय. करू दे म्हटलं.

जावई न्यायला आला तेव्हा गाडीचा हॉर्न वाजवतच आला. ती जिन्यावर थांबली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "बाबा, खाली लक्ष ठेवा. विसरू नका."

"ठेवतो की," मी म्हणालो. खाली दुकान आहे. मला वाटलं, दुकानाकडे दुर्लक्ष करू नका म्हणतेय.

त्याच संध्याकाळी मी टीव्हीचं मागचं झाकण काढलं. माझ्याच घरात काळी पट्टी? उंचीचा स्क्रू फिरवला, रुंदीचा फिरवला, काच गच्च भरली. माणसं जरा उंच झाली, पण चित्र कसं, पुरं दिल्यासारखं वाटलं.

खेळ साधा होता. एक बेट. त्यावर आम्ही दोघं. तिच्या माणसाला लाल टोपी, माझ्या माणसाच्या हातात गळ. घर बांधायचं, झाडं लावायची, मासे धरायचे. पहिल्या रविवारी चारला लाल टोपी आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि उडी मारली. मला बटण सापडायला वेळ लागला. सापडलं तशी मीही मारली. तिनं परत मारली. मी परत. दीड वर्षात तेवढंच जरा हसलो असेन.

मग तोच शिरस्ता झाला. ती समोर येऊन बराच वेळ थांबायची, मग उडी मारायची. मी मारायचो. मग मी मासे धरायचो आणि ती शेजारी उभी राहायची. बोलणं नाही, चालणं नाही. मला बरं वाटायचं. म्हटलं, पोरगी माझ्यावर गेली, मुकी.

तीन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी माझ्या गळाला मोठा मासा लागला. असा मासा वर्षातून एकदा लागतो, बटण सोडलं की गेला. लाल टोपी समोर येऊन उभी राहिली. उडी मारली. मी म्हटलं, थांब गं जरा. टीव्हीलाच म्हटलं. तिनं आणखी एकदा मारली. मी मासा ओढत होतो. बराच वेळ ती तशीच उभी होती, मग नाहीशी झाली. मासा मिळाला, पण दाखवायला कुणी नव्हतं.

बुधवारी तिचा फोन आला. आवाज एकदम खालच्या पट्टीत.

"बाबा, तुम्ही वाचलंत ना?"

यंत्राबरोबर एक पुस्तिका आली होती, मुंगीएवढ्या अक्षरांची. ती मी भिंग लावून वाचत बसायचो, हे तिला ठाऊक होतं.

"वाचलं की," मी म्हणालो. "शेवटच्या ओळीपर्यंत."

"मग?"

"मग काय? अगं, सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं. मग हाताला सवय होते."

मी विचारलं, "जेवलीस का?" ती हो म्हणाली. त्यानंतर ती रविवारची आली नाही. कामं असतात म्हणाली. असतील, मी म्हटलं. मला काही वाटलं नाही. मला त्या काळात कशाचंच काही वाटत नव्हतं.

हे सगळं जिना चढताना आठवत होतं असं नाही. जिना चढताना मी एवढंच मोजत होतो, की ताणताना स्क्रूला वेढे किती दिले होते.

झाकण काढलं. टीव्ही लावला, यंत्र लावलं. बेट आलं. स्क्रू उलटा फिरवायला लागलो तसं वर काळं आलं, खाली काळं आलं, आणि समुद्राच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, एक लांबट चौकट वर सरकली. तिच्यात अक्षरं होती. इंग्रजी अक्षरं, भाषा आपली. पुसट होती, पण अख्खी होती.

खालून भिंग आणलं. पोस्टमास्तर म्हणाले, "काय सापडलं?" मी म्हणालो, "बघतो."

खेळातलं बोलणं पुसलं जात नाही, साठत राहतं. बटण दाबत मागे गेलो, अगदी पहिल्या रविवारपर्यंत.

"बाबा, वाचता येतंय का? येत असेल तर उडी मारा."

आणि त्याखाली, "शाब्बास! लिहायला जमलं नाही तरी चालेल. हो असेल तर उडी मारा."

मी काचेला नाक लावून वाचत होतो. ती नवऱ्याबद्दल लिहीत होती, ह्याला फोनवर बोललेलं सगळं ऐकायचं असतं. खेळातलं त्याला कळत नाही, म्हणून इथं. आज ताट भिरकावलं. आज दिवसभर कोंडून गेला. मध्येच एकदा, "आईला सांगितलं होतं मी. तिनं तुम्हाला सांगितलं होतं का?" आणि पुढची ओळ, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

मी उडी मारली असणार.

बायकोनं मला काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

सगळ्यात खाली तीन ओळी होत्या. "मी घरी येऊ का? कायमची. हो असेल तर उडी मारा." मग, "बाबा?" आणि मग, "बरं."

भिंग ठेवलं. हात धुतले, का कोण जाणे. मग फोन लावला.

"हं बाबा."

"फ्यूज, टीव्ही नीट केला मी. खालचं दिसत नव्हतं मला. चित्र ताणून ठेवलं होतं. मीच."

पलीकडे भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू गेलीस त्या संध्याकाळपासून. एक अक्षर वाचलं नव्हतं गं मी."

मागून जावयाचा आवाज आला, कोण आहे म्हणून. "बाबा आहेत," ती म्हणाली. "टीव्ही बिघडला होता म्हणतायत."

"मी उडी मारली असं समज," मी म्हणालो. "ऐकतेस ना? मोठी उडी मारली. आत्ता निघतो, घ्यायला येतो तुला."

"नको." हे पटकन. मग सावकाश, शेजारी उभ्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, "नको बाबा, एवढ्यासाठी कशाला येता? तुम्ही आलात की उगाच तमाशा होतो. आणि आता जमतं मला. हाताला सवय झाली. तुम्हीच म्हणाला होतात."

"ते मी त्या यंत्राबद्दल म्हणालो होतो गं."

"हो का," ती म्हणाली.

मला वाटलं, आता उडेल. लहानपणीसारखी उडावी, ओरडावी, मला वाट्टेल ते बोलावी. मी वाट बघितली.

"येशील?" मी विचारलं.

"बघू," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

बघू म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. खाली अकरा पडलेत फळीवर.

मी यंत्राचा बटणांचा ठोकळा हातात घेऊन बसलो. एकेक अक्षर शोधत तिच्या 'बरं'च्या खाली लिहिलं, ये. इंग्रजीत दोनच अक्षरं लागली. मग माझ्या माणसाच्या हातातला गळ ठेवून दिला, त्याला किनाऱ्यावर आणला, ती उभी राहायची त्या जागेकडे तोंड करून, आणि उडीचं बटण दाबलं. परत दाबलं. दाबतच राहिलो.

किती वेळ गेला माहीत नाही. पोस्टमास्तर कंटाळून जिना चढून वर आले आणि दारातच थांबले.

"अहो, मी खाली ताटकळतोय, आणि तुम्ही खेळताय? काय चाललंय काय? हा उड्या कशाला मारतोय?"

"विचारलं होतं त्याला काहीतरी."

"कुणी? इथं तर चिटपाखरू नाही."

मी अंगठा उचलला नाही. ते चष्मा सारखा करत टीव्हीजवळ आले, वाकून बघितलं आणि चुकचुकले.

"आणि हे हो काय, मेकॅनिक? तुमच्या स्वतःच्या टीव्हीत वर-खाली एवढं काळं? नीट करून टाका की."

"नीटच आहे," मी म्हणालो.