गाडी पुढं का गेली नाही

क्लच नसलेल्या गाडीचं एक बरं असतं, डाव्या पायाला काम नाही. गंगाखेडच्या सांबप्पा किराणावाल्यांचा डावा पाय लकव्यानं गेला, तेव्हा मीच त्यांना जुनी ऑटोमॅटिक शोधून दिली होती. गाडी जराशी कुरकुरली तरी म्हातारा परभणीला माझ्या गॅरेजात फोन करायचा. आता म्हातारा राहिला नाही, आणि त्यांची बायको गाडी क्रेनवर टाकून घेऊन आली होती.

"मुंजाजी, पोरीनं काय मोडलं तेवढं सांग," भागम्माक्का म्हणाल्या. "दुरुस्त न्हाई झाली तरी चालंल."

पोर म्हणजे शिवरंजनी, चुडाव्याला दिलेली. ती माहेरी आलेली असतानाच सांबप्पांच्या छातीत कळ आली. तिनं बापाला गाडीत घातलं आणि परभणीची वाट धरली. अर्ध्या रस्त्यात गाडीनं दगा दिला. इंजिन नुसतंच बोंबलायचं, गाडी जागची हलेना. दुसरी गाडी मिळेपर्यंत बाप तिच्या मांडीवर गेला. माती द्यायला जमलेल्या भाऊबंदांसमोर अक्का तिला म्हणाल्या, "चालवता येत न्हाई तर हात कशाला लावलास? तूच घेतलास त्येंचा जीव." पोर त्याच दिवशी निघून गेली.

मीही मातीला गेलो होतो, मला तेव्हाच राग आला होता. पण आपण पडलो मिस्त्री, लोकांच्या घरात तोंड घालायचं आपल्याला कुणी सांगितलंय?

गाडी चालू केली. रिव्हर्सला टाकली तर अंमळ थांबून, धक्का देत मागं सरकली. पुढच्या गिअरला टाकली तर नुसतीच रेस झाली. गिअरचा दांडा ठीक, त्याची तार ठीक. मग गिअरच्या तेलाची पट्टी ओढली. हे तेल लाल असतं. पट्टीवर काळं आलं, करपलेल्या फोडणीसारखा वास मारत. खालचा चेंबर उघडला तर तळाशी लोखंडाचा चकाकणारा कीस साचलेला. एका दिवसाच्या चालवण्यानं असं होत नाही. आतल्या प्लेटा आधीच जळालेल्या होत्या.

"अक्का, ही कधी बांधून ओढली होती का?"

"ओढली की. पोखर्णीहून येताना बंद पडली. घरी आमचे जंगम स्वामी जेवायला यायचे होते. जंगम दारातून उपाशी जावा का? हे म्हणायले, हिला ओढू नये, मुंजाजीला इचारतो. मी म्हणलं, ठेवा तो फोन. उसाचा ट्रॅक्टर चालला होता, त्यालाच बांधायला लावली. स्वामी पोटभर जेवून गेले बघ. गाडीबी दुसऱ्या दिवशी बॅटरी बदलल्यावर चालू झाली."

इंजिन बंद असलं की या गाडीच्या गिअरला तेल पोचत नाही. वरून चाकं फिरत राहिली की सगळं कोरडंच घासतं. वाटलं, खोटं बोलावं. गाडीच जुनी होती म्हणावं. नवरा गेलेल्या बाईला आणखी काय मारायचं? पण इथं चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि तो संन्यासी चुडाव्यात रडत बसला होता. मी सांगून टाकलं.

अक्का बाकड्यावर बसल्या.

"म्हंजी मी," त्या म्हणाल्या. "पोरीनं न्हाई."

"तुमाला माहीत नव्हतं, अक्का."

"त्येंना माहीत होतं. मी बोलू दिलं न्हाई." त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. "पोरीला फोन लाव. माझा ती उचलीत न्हाई."

मी लावला आणि स्पीकर चालू केला. पोरीनं लगेच उचलला.

"काका, गाडी तुमच्याकडं आणली म्हणं, उघडली का?" आवाज बसलेला होता. "माज्याच हातून झालं न्हवं? मला माहीत हाय. फक्त आईला सांगू नका, काका. तिचा जीव आधीच तळमळायलाय."

मी मोबाईल अक्कांच्या हातात दिला. त्यांनी मोबाईलवरच कपाळ टेकवलं आणि हुंदके देऊन रडायला लागल्या.

"काका, कोण रडायलंय?" पोर विचारत राहिली. "काका, कोण हाय तिथं?"