जप करणारा यूपीएस

पटणार नाही तुम्हाला, सांगून ठेवतो. आमच्या बैठकीच्या खोलीत एका यूपीएसने देवाचं नाव घेतलं आणि ते ऐकायला माणसं पार जिन्यापर्यंत उभी होती. एका शेजारणीने त्या डब्याला फूलसुद्धा वाहिलं. खोटं वाटलं तर ही माझी थोरली बहीण इथेच बसली आहे, तिला विचारा.

त्याचं असं झालं. ताईला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. तिचा श्वास ऑक्सिजनच्या यंत्रावर. वीज गेली तरी यंत्र चालावं म्हणून भलाथोरला यूपीएस आणला, तर त्याच्या पिना जाड आणि खोलीतलं सॉकेट बारीक पिनांचं. वायरमन म्हणाला, मीटरपासून जाड तार ओढावी लागेल, थोडं थांबा. ताई दवाखान्यातून म्हणाली, आणखी इथे राहिले तर खरंच आजारी पडेन. मग तिला ऑक्सिजनच्या सिलिंडरवरच घरी आणलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून प्लगबाबांचं नाव आलं. बाबा आले ते लाल दोरा गुंडाळलेला एक जोडप्लग घेऊन. मागे जाड भोकं, पुढे बारीक पिना. म्हणाले, माझ्या मंत्राने मुंगीच्या बिळातून हत्ती निघतो. प्लग लावला, ऑक्सिजनचं यंत्र सुरू. वर त्याच यूपीएसला इस्त्री लावली, तीही तापली. सॉकेटला सगळ्यांनी हात लावून पाहिला. गार.

तेवढ्यात यूपीएस टुक... टुक... करू लागला.

"ऐका," बाबा डोळे मिटून म्हणाले, "यंत्र जप करतंय."

सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. हळूहळू टुकटुक वाढली. बाबा म्हणाले, जपाला रंग चढला.

ताई नाकात नळी लावून कॉटवर पडली होती. जन्मभर टेलिफोन कचेरीत कानाला यंत्र लावून बसलेली बाई ती. तिने आधी शेजारचा सिलिंडर उघडायला लावला, नळी त्याला जोडून घेतली आणि मग आमच्या वहिनीला म्हणाली, "तो मंतरलेला प्लग भिंतीतून काढ गं. जप थांबतो का बघू."

बाबा आडवे आले, पण वहिनी कुणाचं ऐकते थोडीच. प्लग हातात आला, तरी इस्त्रीचा दिवा चालूच आणि टुकटुक तशीच. म्हणजे भिंतीतून काही येतच नव्हतं. ताईने प्लग उघडायला लावला. आत कापूस आणि अंगारा, तारेचा तुकडासुद्धा नाही. सगळं चाललं होतं बॅटरीवर. ती संपत आली म्हणून डबा ओरडत होता, आणि आपण त्याला आरती म्हणायच्या बेतात. रात्री सगळे झोपल्यावर तो गप्प झाला असता, तर ताईचाही श्वास त्याच्याबरोबर गेला असता.

आत खरी तार असती तर आणखी वाईट. एवढा मोठा डबा चार्ज करायचा आणि वर यंत्र चालवायचं, तो भार भिंतीतल्या बारीक तारेला झेपला नसता, ती आतल्या आत जळाली असती. पिनांचा आकार बदलून तारेची ताकद वाढत नाही. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी प्लग काढून बघा.

एव्हाना बाबांनी चप्पल शोधायला घेतली होती. मी काय सोडतो? जिन्यात गाठलं, मानगूट धरली आणि असा दम भरला, की तो—

"मानगूट?" ताई म्हणाली. "अरे, आपल्या फ्रिजसाठी असा एखादा प्लग मिळेल का, म्हणून विचारत होतास तू त्याला."