काळ्या चौकटीतली साखराबाई

आमच्या पोलीस ठाण्याचं फेसबुक पेज मी चालवते. कावून म्हणाल, तर साहेबांनी एकदा मला रील बघताना पकडलं आणि म्हणाले, "दीपमाला, तुला जमतंय हे. जनतेशी संवाद ठेव." झालं! बंदोबस्त करून यायचं आणि वर संवादही ठेवायचा.

हेल्मेट घाला, ओटीपी सांगू नका, असलं टाकलं की पाच-सहा लाईक. पण बेवारस मयताचा फोटो टाकला की सगळा जिल्हा जागा होतो. त्या फोटोंसाठी एक काळी चौकट ठरलेली होती. वर ठाण्याचं नाव, खाली 'ओळख पटवा' आणि फोन नंबर.

जानेवारीत बसस्टँडवर एक म्हातारी सापडली. अंगात ताप, पायात चप्पल न्हाई. नाव विचारलं तर "साखराबाई" म्हणाली, गाव विचारलं तर "वस्ती." आणि मग एकच धोशा, "माझा सोमा कारखान्याला गेलाय, त्याला बलवा." आता हिवाळ्यात आमच्या बीडमधला कारखान्याला न गेलेला सोमा दाखवा मला! वस्त्याच्या वस्त्या ऊस तोडायला कर्नाटकात. तिला सरकारी दवाखान्यात भरती केलं, फोटो काढला आणि घाईघाईत त्याच काळ्या चौकटीत टाकून दिला. बाई दवाखान्यात आहे, नातेवाइकांनी यावं, असं खाली लिहिलं होतं. पण खालचं वाचतंय कोण?

तासाभरात नव्वद जणांनी लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' माझं डोकंच फिरलं. "अरे मेल्यांनो, जित्ती हाय ती!" मी ठाण्यात बसून मोबाईलवर ओरडले. पोस्ट काढली, साध्या फोटोची परत टाकली. तिला अकरा लाईक आले. पहिली मात्र गावोगावच्या ग्रुपवर केव्हाच गेलती.

रोज ड्युटी संपली की मी दवाखान्यात जायची. दुधात भाकरी कुस्करून नेली की चार घास खायची बिचारी. "आला का गं माझा सोमा?"

"वाटंत हाय, आजी." खोटं बोलायची मी. दुसरं काय बोलणार?

चौदाव्या दिवशी सकाळी ती गेली. तीन दिवस वाट बघून आमीच माती दिली. लई रडले मी तिथं, वर्दीवर.

त्यानंतर आठवड्यानं ठाण्यात एक माणूस आला. डोकं भादरलेलं, हात उसाच्या पाचटानं चिरलेले. "मी सोमनाथ," म्हणाला. "आईचा मयतीचा दाखला पायजे. आन माती कुठं दिली ते दावा."

मी बसवलं, पाणी दिलं. मुकादमानं त्याला मोबाईलवर काळी चौकट दाखवली होती, आणि ह्यानं तिकडंच नदीवर सगळं उरकलं होतं.

"फोन कावून केला न्हाई, दादा?"

"पोलिसाला? म्हातारीला टाकून गेला म्हणून मलाच आत घातलं असतं. वस्तीवर एकटी ठेवून गेलतो, हे खरंच हाय ना."

फाईल काढून दवाखान्याचा कागद त्याच्या समोर ठेवला. चौथी शिकलेला माणूस, बोट ठेवून वाचलं त्यानं. मग कागद माझ्याकडं सरकवला.

"तारीख चुकलीय, बाई. ह्याच्या आधीच दहावा घातलाय मी."

हो, चुकलीय म्हणावं आणि गप बसावं, असं एकदा वाटलं. पण जीभ रेटेना. "तारीख बरोबर हाय, दादा. फोटो टाकला तव्हा आजी जित्ती होती. मयताच्या चौकटीत मीच टाकला. चूक माझी हाय."

त्यानं कागद परत ओढला आणि तारखेवर बोट ठेवलं.

"म्हणून व्हय," तो हळू म्हणाला. "पिंडाला कावळा शिवना, बाई. उन्हं कलेपर्यंत बसलो. तुझ्या नातीला शाळंत घालीन म्हणलं, शिवना. पुढच्या साली फडावर जाणार न्हाई म्हणलं, तरी शिवना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. समदे म्हणले, म्हातारीचा जीव कशात तरी अडकलाय." त्यानं भादरलेल्या डोक्यावरनं हात फिरवला. "आन ती हितं माझी वाट बघत होती."