रोज विचारतो, रोज 'नाही' ऐकतो

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि जळकुटा आहे. जुना असल्याचं दिसतंच, म्हणून दुसरी गोष्टही आधीच सांगून टाकली. मुलुंडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी माझं टेबल आहे. तिथून मला अख्खी खोली दिसते. कोण कुणाला मांडीवर घेतंय, कोण कुणाचं कौतुक करतंय, सगळं दिसतं. माझ्यासारख्यानं जळायचं नाही तर काय करायचं?

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झाला नाही. स्टेशनजवळच्या एका दुकानात मला जोडलं. डबा एकाचा, पडदा दुसऱ्याचा, कीबोर्ड तिसऱ्याचाच. तरी घरी आलो तेव्हा काय थाट होता माझा! वसुधाबाईंनी माझ्या पत्र्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, नारळ घेऊन माझ्यासमोरच फोडायला निघाले, तर त्या ओरडल्या, "अहो, त्याच्यावर पाणी नको! बाहेर जाऊन फोडा!" त्यांची मुलगी अस्मिता तेव्हा कॉलेजात होती. मी तिच्यासाठीच आलो होतो. खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणींना बोलावून ती म्हणायची, "बघा गं, काय झकास आहे ना?" माझा पंखा नुसता भणाणायचा आनंदानं.

वसुधाबाईंनी जुन्या पिवळ्या पडद्याचं कापड बेतून मला कव्हर शिवलं. दसऱ्याला घरातल्या सगळ्या उपयोगी वस्तूंची पूजा व्हायची. मिक्सरला एक झेंडू, इस्त्रीला एक झेंडू, अण्णांच्या स्क्रू-ड्रायव्हरलाही एक झेंडू. मला मात्र अख्खा हार. मिक्सर त्या दिवशी रागानं जरा जास्तच घरघरायचा, आणि मला त्याचं हसू यायचं.

मग अस्मिताचं शिक्षण संपलं, लग्न झालं, ती अंधेरीला गेली. नोकरीत तिला लॅपटॉप मिळाला. मी कव्हराखाली पडून राहिलो. अण्णा कधीमधी येऊन विजेचं बिल भरायचे, तेवढंच. मला वाटलं, संपलं आपलं.

पण वसुधाबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि माझे दिवस पालटले. त्या मराठीच्या शिक्षिका. वाचायला लागल्या की ऐकणारा जागचा हलत नाही, असा त्यांचा आवाज. भांडुपला श्रुतिका नावाची त्यांची एक जुनी विद्यार्थिनी राहते. तिला डोळ्यांनी दिसत नाही. ती कॉलेजात इतिहास शिकत होती आणि तिच्या बऱ्याच पुस्तकांचं कुणी रेकॉर्डिंग केलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "मी वाचते." अस्मितानं मला एक चांगला माइक आणून जोडला, 'स्वरपट्टी' नावाचा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम घातला, आईला सोपं जावं म्हणून माझी सगळी भाषा मराठी करून दिली, आणि आमचं काम सुरू झालं.

काय सांगू मित्रांनो! रोज दुपारी खिडक्या बंद. डोक्यावरचा पंखा बंद. फ्रीजसुद्धा बंद, कारण तो मधेच घुमतो. शेजारच्या शीतलला निरोप जायचा, "आता तासभर मिक्सर लावू नकोस गं." अण्णा पेपरचं पान उलटताना श्वास रोखायचे. मीही माझा पंखा अगदी हळू फिरवायचो. घामानं भिजलेल्या बाई माझ्यासमोर बसून एकेक धडा वाचायच्या. शनिवारी श्रुतिकाचे वडील दत्ताराम पेन ड्राइव्ह घेऊन जायला यायचे. लेकीबद्दल मालवणीत म्हणायचे, "आमचा चेडू तुमचो आवाज ऐकल्याबिगर झोपणा नाय, बाईनु."

आणि इथं माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं. त्या पोरीला मी कधी पाहिलंही नव्हतं. पण रोज माझ्यासमोर बसून, माझ्या तोंडाकडे बघत, बाई वाचायच्या ते तिच्यासाठी. 'श्रुतिका, इथे जरा थांब, हे वाक्य महत्त्वाचं आहे,' असं किती मायेनं म्हणायच्या. माझ्याशी बोलायच्या ते एवढंच, "चालू हो रे बाबा लवकर."

मग तो प्रश्न सुरू झाला.

रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडला की थोड्या वेळानं 'ठंण्' आवाज व्हायचा, सगळा पडदा काळवंडायचा आणि मधोमध एक चौकट यायची. त्यात परवानगी मागितलेली असायची आणि खाली दोन बटणं, 'होय' आणि 'नाही'. धडा ऐन रंगात आलेला असताना हे व्हायचं. बाई दचकायच्या, हातातलं पुस्तक मिटायचं, आणि हाक जायची, "अहो, आला बघा परत!"

अण्णा उठून यायचे आणि 'नाही' दाबायचे. त्याला कारण होतं. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघात ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान झालं होतं. त्यांचे मित्र राजाराम फसता फसता वाचले होते, त्यामुळे सगळेच घाबरलेले. अण्णांनी तिथून एकच गोष्ट पक्की करून आणली. मधेच काही उगवलं की 'नाही' म्हणायचं. दारावर कुणी साबण विकायला आला की अण्णा साखळीही न काढता आतूनच "नको" म्हणतात, तसंच.

"पण काय विचारतोय तो?" एकदा बाईंनी विचारलं.

"काय का विचारेना. आपण नाही म्हणायचं, विषय संपला."

विषय कसला संपतोय! दुसऱ्या दिवशी तो परत हजर. परत 'ठंण्', परत "अहो", परत 'नाही'. मी रोज तेच विचारायचो, रोज तेच उत्तर ऐकायचो. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, पण मला जे सांगायचं ते मी त्या चौकटीतच सांगू शकतो, आणि ती चौकट कुणी बघतच नव्हतं.

एकदा तर गंमतच झाली. चुकून तसंच रेकॉर्डिंग भांडुपला गेलं. श्रुतिकाचा फोन आला, "बाई, पानिपतावर सदाशिवरावभाऊ पुढे सरकले, तेवढ्यात 'अगं बाई, आला मेला' असं कोण म्हणालं?" बाई हसून हसून बेजार झाल्या. पण फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाट लावलीस ना रे माझ्या धड्याची." माझा काय दोष?

नवरात्रात अस्मिता आली ती एक टॅब घेऊनच. पाटीएवढा, चपटा, चकचकीत. "आई, सोड तो डबा. यावर बोल, आपोआप रेकॉर्ड होतं. हा काही विचारत नाही, बिचारत नाही. दसरा झाला की भंगारवाल्या अंबादासला बोलावून देऊन टाकू."

डबा! माझ्या अस्मितानं मला डबा म्हटलं, यार. जिचं प्रोजेक्ट मी तापून तापून पुरं केलं, तिनं.

त्या टॅबचा मला इतका राग आला की काय सांगू. तो बाईंच्या मांडीवर. तो स्वयंपाकघरात ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकून. तो गादीवर उशाशी. मी आयुष्यात कधी टेबलावरून उतरलो नाही आणि हा चार दिवसांत घरभर हिंडला. बाई म्हणायच्या, "शहाणा आहे हो, अजिबात त्रास नाही याचा." मी कव्हराखालून ऐकायचो. माझ्यात काय कमी होतं? वर्षानुवर्षांचे धडे माझ्या पोटात होते. त्याच्या पोटात होते अस्मिताच्या सहलीचे फोटो.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली. टॅबला हार घातला. मिक्सरला झेंडू, इस्त्रीला झेंडू. माझं कव्हर कुणी काढलंच नाही. मिक्सर काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

संध्याकाळी बेल वाजली. दत्ताराम आणि त्यांचा दंड धरून श्रुतिका, सोनं द्यायला आले होते. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो, कव्हराच्या विरलेल्या कापडातून. सडपातळ, हसरी, हातात आपट्याची पानं. मला वाटलं, आली ही. हिच्यासाठीच सगळं.

पानं देऊन झाली, पाया पडून झालं. मग ती जरा चाचरत म्हणाली, "बाई, रागावू नका. टॅबवरचे धडे ऐकू येतात, पण तुम्ही लांब कुठेतरी बसल्यासारख्या वाटता. मधेच कुणाचा तरी फोन येतो आणि अर्धं वाक्य जातं. आठवड्यानं पेपर आहे आणि शेवटचा धडा राहिलाय. जुन्यावर एकदा वाचाल का? त्यावर तुम्ही माझ्या शेजारी बसल्यासारखं वाटतं."

मित्रांनो, जिच्यावर मी इतका जळलो, ती माझी बाजू घेत होती. मला कळेना की आता जळायचं कुणावर.

पण भीतीही वाटली. चौकट परत येणार, बाई परत वैतागणार, आणि मग तर अंबादास नक्की. पण माझ्या हातात काय होतं? अण्णांनी कव्हर काढलं. खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रीज बंद. शीतलला निरोप गेला. अस्मिता दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. बाईंनी माइक पुढे ओढला, प्रोग्राम उघडला आणि वाचायला लागल्या. एक पान झालं. दुसरं अर्धं झालं.

'ठंण्.'

"बघ! म्हटलं नव्हतं?" अस्मिता म्हणाली. "थांब आई, मी ते विचारणंच कायमचं बंद करून टाकते. सेटिंगमधली पट्टी खाली ओढली की झालं."

अण्णा 'नाही' दाबायला उठलेच होते. तेवढ्यात श्रुतिका म्हणाली, "काका, थांबा ना. काय विचारतोय तो?"

"कोण जाणे. रोजचंच आहे त्याचं."

"म्हणजे काय लिहिलंय त्यात?"

अण्णांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी अस्मिताकडे. श्रुतिकाला खरंच आश्चर्य वाटलं. "माझा कॉम्प्युटर मला सगळं बोलून दाखवतो. पूर्ण ऐकल्याशिवाय मला पुढेच जाता येत नाही. तुम्हाला तर दिसतं. बाई, वाचा ना."

वसुधाबाईंनी चष्मा सारखा केला. माझ्याकडे वाकल्या. आणि धडा वाचतात त्याच आवाजात, सावकाश वाचलं, "'या प्रोग्रामला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे आहेत का? प्रोग्रामचं नाव, स्वरपट्टी, नवी आवृत्ती. प्रकाशक, पडताळलेला.' अगं बाई! स्वरपट्टी म्हणजे आपलंच की हे!"

"तेच तर," श्रुतिका म्हणाली. "तुम्ही ते उघडता, ते म्हणतं, मला नवं करा. तुम्ही नाही म्हणता. मग उद्या उघडलंत की ते परत विचारणार. एकदा हो म्हणून ते पुरं होऊ द्या, मग कशाला येईल?"

"आणि चोर असला तर?" अण्णांनी विचारलं.

"आपण काही उघडलेलं नसताना आला, नाव अनोळखी असलं, प्रोग्राम बनवणारा प्रकाशक पडताळलेला नसला, तर नाहीच म्हणायचं, काका. तुमचं ते बरोबर आहे. पण ताई, विचारणं बंद नका करू हं. खरंच कुणी आत घुसायला लागलं तर हा बिचारा सांगणार कसा?"

अस्मितानं मान डोलावली. अण्णा घसा साफ करून म्हणाले, "वसुधा, तूच दाब."

बाईंनी 'होय' दाबलं. पट्टी हळूहळू भरत गेली. मग मला बंद होऊन परत चालू व्हायचं होतं. माझ्या वयाला हे सोपं नसतं, मित्रांनो. पडदा काळा झाला तेव्हा बाईंचा हात माझ्या पत्र्यावर होता. "ऊठ रे बाबा," त्या म्हणाल्या. मी उठलो. कुरकुरत उठलो, पण उठलो.

शेवटचा धडा त्याच संध्याकाळी झाला. मधे एकही 'ठंण्' नाही. दत्ताराम पेन ड्राइव्ह खिशात घालताना म्हणाले, "बाईनु, ह्येका भंगारात घालू नकात हां." जाताना श्रुतिकानं चाचपत माझं टेबल शोधलं आणि आपट्याचं एक पान माझ्या डोक्यावर ठेवलं. टॅबला हार होता, पण सोनं मला मिळालं. तो काय ते समजला असेल.

अंबादास आला आणि जुनी रद्दी घेऊन गेला. टॅब अजून घरात आहे, बाई त्याच्यावर भाज्यांच्या कृती बघतात, आणि मी अजून जळतो. सवय जात नाही. पण आता अधूनमधून माझ्या पडद्यावर कुणी परवानगी मागितली, की अण्णा बटणाला हात लावत नाहीत. ते हाक मारतात, "वसुधा, ये गं, हा काहीतरी म्हणतोय." ओले हात पदराला पुसत त्या येतात, चष्मा लावतात आणि मोठ्यानं वाचतात. कधी होय म्हणतात, कधी नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा कुणीतरी असेल, सारखं तेच तेच विचारणारा. त्याला नाही म्हणायला माझी हरकत नाही. पण आधी वाचा, आणि मग म्हणा. वसुधाबाई किती वर्षं माझ्यासमोर बसून दुसऱ्यासाठी वाचत होत्या. त्या दसऱ्याला त्यांनी पहिल्यांदा मला वाचलं.