सवत बघायची राहिली

मी दुर्बीण बोलतेय. दचकू नका. जन्मभर लोकांच्या डोळ्यांना डोळे लावून बसले, तोंड उघडायची वेळ आजच आली. स्वयंपाकघराच्या दाराजवळ एका खुंटीवर मी लटकते. अंगावरचा काळा रंग उडालाय, पट्टा दोनदा शिवून झालाय. काचा मात्र अजून लख्ख आहेत, आणि त्याचंच मला वाईट वाटतं.

कारखान्यातला जन्म काही आठवत नाही. आठवतं ते दुकानातलं कपाट आणि तिथून मला उचलणारे मालकांचे खरखरीत हात. मालकांची बोट होती. बारक्या बारक्या बेटांमधून ते लोकांना देवमासे दाखवायला न्यायचे. देवमाशाच्या अंगावर बोट घालायची नाही, लांबच इंजिन बंद करून गप्प बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. म्हणून तर माझी गरज. दिवसभर मी या गळ्यातून त्या गळ्यात फिरायची. माणसंही काय एकेक असतात. एवढ्या लांबून यायची आणि देवमासा वर आला की त्याच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढायची.

संध्याकाळी मी बाईंच्या ताब्यात. बाई म्हणजे मालकांची बायको. प्रवाशांचा चहा थर्मासात भरायचा, ओली जाकिटं धुऊन वाळत घालायची, सगळं त्यांच्याकडे. जुन्या मऊ कापडाने माझ्या काचांवरचं मीठ पुसता पुसता त्या विचारायच्या, "काय, भेटली का आज माझी सवत?"

सवत म्हणजे देवमाशाची एक मादी. तिच्या शेपटीची डावी कड फाटलेली. दर वर्षी ती त्याच बेटांपाशी यायची आणि तिचं कौतुक सांगताना मालक पुढ्यातलं ताट विसरायचे, म्हणून बाईंनी तिला हे नाव ठेवलं होतं.

"एकदा मला बघायचीय ती," बाई म्हणायच्या. "माझ्यात काय कमी आहे ते तरी कळेल."

"येत्या रविवारी नक्की," मालक म्हणायचे.

रविवारी बाई डोक्याला रुमाल बांधून धक्क्यावर हजर. तेवढ्यात कुणीतरी धापा टाकत यायचं, फार लांबून आलोय हो, एक जागा द्या. मालक ओशाळून बाईंकडे बघायचे. बाई अंगातलं जाकीट काढून त्या पाहुण्याच्या हातात द्यायच्या. "मी काय, घरचीच. सवत कुठे पळून जातेय." असे किती रविवार गेले, मला विचारू नका. मालक मनाने वाईट नव्हते. परक्याला 'उद्या या' म्हणायला त्यांची जीभ रेटायची नाही, घरच्या माणसाला सहज म्हणता यायचं.

मग बाईंना काचबिंदू झाला. मला तो आधीच कळला होता. काच स्वच्छ झाली तरी त्या पुसतच राहायच्या. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. उजव्या डोळ्यात थोडी शिल्लक आहे, तीही फार दिवस टिकायची नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी एकाही प्रवाशाला घेतलं नाही. बोटीत बाई, मालक आणि मी. बेटांच्या मागे समुद्र सपाट पडला होता. इंजिन बंद करून दोघं बसले. बराच वेळ काही नाही. मग लांबवर फूस्स असा आवाज आला आणि मालकांची एकच तारांबळ उडाली. "अगं, तीच आहे. लाव, लाव डोळ्यांना," म्हणत त्यांनी मला बाईंच्या गळ्यात अडकवलं आणि बोट वळवायला सुकाणूकडे धावले.

त्या घाईत माझ्या पुढच्या काचांवरची झाकणं काढायची राहिली.

रोज ती मालकच काढून खिशात टाकायचे. बाईंच्या हाती मी यायची ती नेहमी उघडीच. त्यांना झाकणांचा पत्ताच नव्हता. आणि मला ना हात, ना त्या वेळी तोंड. बाईंनी मला उजव्या डोळ्याला घट्ट लावलं. काळोख. त्यांना वाटलं, माझ्यातून बघण्याइतकी नजर आता उरलीच नाही. माझ्या काचेला त्यांची पापणी लागली, ती ओली होती.

"दिसली का गं?" मालकांचा आवाज नुसता उतावीळ झाला होता.

"दिसली हो," बाई म्हणाल्या. "डावी कड फाटलीय बघा शेपटीची. आणि माझ्याहून जाडी आहे, तेवढंच समाधान."

मालक खदखदून हसले. हसत हसतच मला काढून घ्यायला आले आणि त्यांचं बोट झाकणाला लागलं. हसू तिथेच विरलं. त्यांनी वळून पाहिलं, तर सवत बुडी मारून गेली होती.

"चहा देतेस का?" एवढंच ते म्हणाले. बाई चाचपत थर्मास उघडत होत्या आणि मालक तोंड फिरवून रडत होते.

त्यानंतर ते बाईंना रोज घेऊन गेले. निघतानाच, घरातच माझी झाकणं काढायचे. पण सवत पुन्हा आली नाही, आणि हंगाम संपायच्या आत बाईंना दिसायचं बंद झालं. मग मालकांनी झाकणं लावून मला या खुंटीला अडकवलं.

बाई सवयीने मला अजून पुसतात. परवा पुसताना त्यांचा अंगठा झाकणावर थबकला. त्यांनी ते काढलं, परत बसवलं.

"अहो, हिला झाकणं असतात होय?"

मालक समोरच बसले होते. बाई माझी डोळ्याकडची काच पुसायला लागल्या.

"देखणी होती हो तुमची ती," त्या म्हणाल्या.

मालकांनी नुसतं "हं" केलं.

माझं काय, मी खुंटीवरच राहणार. पण तुमच्या घरातही कुणीतरी रुमाल बांधून रविवारची वाट बघत असेल, तर माझं एवढं ऐका. धापा टाकत येणाऱ्या त्या पाहुण्याला सांगा, आज जागा नाही.