मिरीच्या केसांना कात्री

संस्थान विलीन झालं, दरबारचा शिकारखाना मोडला आणि जनावरांच्या वाटण्या झाल्या. माझे वडील, आबा, तिथे कुत्री सांभाळत; त्यांच्या हाताखाली वाढलेली मिरी पडाव वस्तीजवळ नव्या मध्यभारत सरकारच्या एका साहेबांच्या बंगल्यावर गेली. मांजराएवढी टेरियर कुत्री, पण साळिंदराच्या बिळात बेधडक घुसणारी. आबांनी निरोप धाडला होता : रोज पळवा, उकरायला एक कोपरा द्या, अंगाला कात्री लावू नका. जुने राठ केस बोटांनी उपटायचे. तिला दुखत नाही, डोळे मिटून बसते.

तीन महिन्यांनी बंगल्यावरचा शिपाई रमाकांत माधवगंजात आमच्या घरी धावत आला. "दुर्गाताई, मिरी पागल हो गई, म्हणतात. साहेब उद्या इंदूरला निघणार, त्याआधी गोळी घालणार!"

आबा तापाने पडलेले. मी माझ्या लेकीला, छकुलीला, कडेवर घेतलं आणि टांगा केला.

मिरी लिंबाखाली साखळीला. अंगावर कापसासारखी मऊ लव, जागोजागी कातडी लाल. स्वतःलाच चावत होती.

"जवळ जाऊ नका!" साहेबांच्या पत्नी शालिनीताई ओट्यावरून ओरडल्या. "माझे गुलाबाचे वाफे उकरले मेलीने."

"केस कुणी कापले?"

"न्हाव्याकडून छान बारीक करवले. रोज साबणाने अंघोळही घालते."

माझं डोकंच फिरलं. "म्हणून खाजतंय तिला! आणि उकरणार नाही तर काय पोथी वाचेल? जन्मच त्यासाठी तिचा. तुम्ही बांधून ठेवलंत, कातडी सोलवटलीत, वर वेडी ठरवलंत?"

छकुलीला रमाकांतकडे दिलं. ओंजळीत पाणी घेऊन मिरीपुढे बसले. ती लपालपा प्यायली, मग माझं मनगट चाटत राहिली. कान मागे, शेपटीचं थोटूक हलतंय. माझ्या पोरीलाही ताप उतरल्यावर अशीच तहान लागते.

"पिसाळलेलं कुत्रं असं पितं का हो?"

मी साखळी सोडली तशा शालिनीताई म्हणाल्या, "अहो, ती सरकारी आहे. साहेबांच्या सहीशिवाय नेता येणार नाही."

"गोळी घालायला सही घेतली होती?"

"तसं नाही, पण... थांबा. मी त्यांना विचारते."

एका कडेवर छकुली, दुसऱ्या काखेत मिरी. मी थांबले नाही.