शेवटचा एक आकडा

जाफराबादच्या केंद्रावर बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर चालू होता. वर्गावर होत्या साधनाबाई. शिकवायच्या इतिहास, पण कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या बाकावरच्या अफ्रीनवर त्यांची नजर गेली ती हटेना. बाकीची पोरं लॉग टेबलची, म्हंजे पेपरात चालणाऱ्या लॉगच्या तयार तक्त्यांची, पानं उलटून राह्यलेली, हिच्याजवळ टेबलच न्हाई, तरी लॉगचे आकडे पटापट उतरतायत. ह्यात नक्कीच काहीतरी काळंबेरं होतं.

भरारी पथक कधीही येणार होतं. त्यांच्या हाती लागण्याआधी आपणच पेपर काढून घेतलेला बरा, मंग पोरीचं वर्ष गेलं तर जाऊ द्या, असं बाईंनी ठरवूनच टाकलं.

त्यांनी उत्तरपत्रिका ओढून घेतली. "हात दाखव."

तळहातावर बहिणीच्या लग्नाची मेंदी होती. नक्षीत आकडे लपवलेत का म्हणून बाईंनी बोटन् बोट तपासलं, ओढणीचे पदर झटकायला लावले. काहीच निघालं नाही. बाईंचा संशय उलट वाढला.

"टेबल कुठंय?"

"घाईत घरी ऱ्हायलं, बाई. दोन आन् तीनचे लॉग पाठ हायेत. बाकीचे त्याच्यावरून काढते."

"असं? मंग आठचा काढ माझ्यापुढं."

अफ्रीन सांगू लागली, "दहाचा जेवढा घात केला की दोन येतात, तेवढा दोनचा लॉग. ०.३०१०. दोनचा तिसरा घात आठ, म्हणून आठचा त्याच्या तिप्पट. ०.९०३०."

बाईंनी शेजारच्या पोराचं टेबल उघडलं. तिथं होतं ०.९०३१.

"चुकलं की गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना बरं वाटलं.

"दोनच्या लॉगचे पुढचे आकडे छाटलेले असतेत, बाई. तिप्पट केलं की शेवटी एक कमी पडतो."

बाईंनी उत्तरपत्रिकेत पाहिलं. तिथंही ०.९०३०च होतं. कुठून उतरवलं असतं तर शेवटी एक आला असता. पोरीनं खरंच स्वतः काढलं होतं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी उत्तरपत्रिका परत ठेवली.

"किती वेळ ऱ्हायला, बाई?"

"सात मिनिटं." नऊ आपण खाल्ली, हे त्यांच्या तोंडून निघेना.

घंटा झाली. गठ्ठा बांधताना बाईंनी अफ्रीनचं शेवटचं पान उघडलं. शेवटच्या प्रश्नाचा नंबर टाकलेला होता आणि खाली सगळं कोरं होतं.